चाकं दाराबाहेर

सुजाता रामटेकेला उचलण्याआधी तिला कधी कुणी विचारलं नाही. विचारायचंय काय त्यात? सरळ यायचं, एक हात पाठीखाली, दुसरा गुडघ्यांखाली, आणि हुप्प म्हणून वर. लहानपणी नागपूरला वडिलांनी उचललं, शाळेत शिपायानं उचललं, कॉलेजच्या जिन्यावरून वर्गातल्या मुलांनी पाळी लावून उचललं. लग्नात नवऱ्यानं उचललं, तेव्हा मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिला अजून आठवायच्या, आणि आठवल्या की तळपायाची आग मस्तकात जायची. पोलिओनं पायातलं बळ नेलं होतं, आग नव्हती नेली.

आता ती टेक्सासमध्ये, प्लेनोला होती. सत्त्याऐंशी साल. एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅमर. नवरा राजाराम दुसऱ्या कंपनीत इंजिनियर. सकाळी तो तिला तिच्या ऑफिसच्या मागच्या दाराशी सोडायचा, कारण तिथं माल नेणाऱ्या हातगाड्यांसाठी उतार होता. पिकअप ट्रकमधून तिची बॅटरीवरची तीनचाकी स्कूटर खाली यायची, सुजाता तिच्यावर बसायची आणि हँडलचा खटका दाबायची. मग दिवसभर तिला कुणाची गरज नव्हती. मीटिंगला जा, कँटीनला जा, बाथरूमला जा, बॉसच्या खोलीत जाऊन त्याच्याशी वाद घाल आणि दार आपटून बाहेर ये. दार आपटून बाहेर पडणं म्हणजे काय चैन असते, ते ज्याला आयुष्यभर उचलून बाहेर न्यावं लागलं त्यालाच विचारा!

आणि संध्याकाळी घरी आलं की ती स्कूटर गॅरेजात. का? तर चाकं म्हणजे चपला. चपला घरात आणतात का कुणी?

गॅरेजमधून स्वयंपाकघरात जायला पायऱ्या होत्या. तिथं फळ्या ठोकून उतार करायला एक रविवार पुरला असता. बरं, फळ्या घरात नव्हत्या असंही नाही. पिकअपमध्ये स्कूटर चढवायला राजारामनं चांगल्या जाड फळ्या आणल्या होत्या, त्यांना रबर मारलं होतं, कड्या लावल्या होत्या. म्हणजे स्कूटरला फळ्या, आणि बायकोला खांदा! सुजातानं विषय काढला की तो हसायचा. ‘अगं, मी आहे ना उचलायला.’ कॉलेजात कबड्डी खेळलेला गडी, दंड अजून दाखवण्यासारखे. वाईट माणूस नव्हता हो. तोच तर वैताग होता. वाईट असता तर धड भांडता तरी आलं असतं.

दोन वर्षांपूर्वी त्याची आई, गिरजाबाई, नागपूरहून आल्या. आल्या त्या साखरेचं दुखणं घेऊन, आणि इथं डॉक्टरांनी त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. मग घरात दुसरी स्कूटर आली. गिरजाबाई तिला फटफटी म्हणायच्या, जरी ती मांजरासारखी बिनआवाजाची चालायची. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, आणि समोरच्या फुटपाथवरून फटफटी भरधाव. शेजारचे गोरे म्हातारे हात हलवायचे, याही हलवायच्या. पण घराचं दार आलं की ब्रेक. ‘राजाराम!’ अशी हाक मारायच्या आणि दोन्ही हात वर करायच्या, लहान पोरासारखे. राजाराम यायचा आणि उचलायचा. सुजाता तोंड फिरवायची. तिला ते बघवायचं नाही.

‘आई, आपण दोघी आत नेऊ ना स्कूटर. मी चाकं पुसून घेत जाईन.’

‘रस्त्यावरची चाकं ते. कुत्र्यांची घाण तुडवून येतात. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो हाय, बुद्धाची मूर्ती हाय. त्यांच्यासमोरून चाकं नेशील? काही वाटते का तुले?’

प्रल्हादकाका आणि शैलाकाकू, मराठी मंडळातलं सगळ्यात जुनं जोडपं, पुण्याचं. त्यांच्याकडे बाबासाहेबांचा फोटो नव्हता, पण गालिचा क्रीम रंगाचा होता. दर महिन्याला त्यांच्याकडे जमायचं. दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग, आणि ढिगाशेजारी या दोघींच्या स्कूटरी. याबाबतीत मात्र अख्ख्या महाराष्ट्राचं एकमत! राजाराम सुजाताला उचलून आत न्यायचा, आणि शैलाकाकू दरवेळी, न चुकता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, ‘बघा, बघा! शिका जरा! अजून बायकोला उचलून आणतो.’ बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. नवरे कसनुसे हसायचे. आणि सुजाताला सोफ्यावर ठेवलं जायचं. ठेवलं की ठेवलं. बायका स्वयंपाकघरात, पुरुष पत्त्यांवर, ही आपली सोफ्यावर, मांडीत ताटली. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत. मंडळाच्या दिवशी ती दुपारपासून पाणी प्यायची नाही. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

तर त्या वर्षी सुजाताची धाकटी बहीण संध्या पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, पीएच.डी. संपवत होती. मे महिन्यात पदवीदान. घरातली पहिली डॉक्टरेट. वडील गेलेले, आई गेलेली, संध्याला माहेरचं असं एक सुजाताच. ती जाणारच होती, त्यात दुमत नव्हतं. पण जायचं कसं? गिरजाबाईही बरोबर येणार, आणि विमानात दोन स्कूटरी घ्यायला विमानवाले नाकं मुरडत. वाटेत मोटेलमध्ये राहायचं, तर मागच्या उन्हाळ्यात ते करून झालं होतं: बाथरूमचं दार इतकं अरुंद की स्कूटरचं हँडल अडकलं, आणि राजाराम म्हणाला, ‘मी आहे ना.’ आणि संध्याची खोली? तिसऱ्या मजल्यावर, तीन पोरींत मिळून घेतलेली, लिफ्ट नाही.

तेव्हा ट्रेलर घ्यायचा, ही कल्पना सुजाताची. लक्षात ठेवा, सुजाताची. पिकअपच्या मागं जोडायचं चाकांचं घर. आत झोपायला, शिजवायला, बाथरूमला जागा. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळा विचार केला होता. दार किती रुंद हवं. उंबरा नको, उतार हवा, आणि तो फार चढा नको. स्कूटरी आत कुठं उभ्या राहणार, रात्री त्यांच्या बॅटऱ्या कुठं चार्ज होणार. दोन्ही अगदी मागं बांधल्या तर ट्रेलरची शेपटी जड होऊन हायवेला हेलकावे खाईल, म्हणजे वजन चाकांवर यायला हवं. आणि आत गेल्यावर वळता आलं पाहिजे. हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्या घरात वळता येत नाही त्या घरात तुम्ही राहत नाही, तुम्हाला तिथं ठेवलेलं असतं.

तिनं हे राजारामला सांगितलं. राजाराम खूश. ‘वा! झकास आयडिया!’ म्हणाला, आणि फोन उचलून प्रल्हादकाकांना लावला. झालं. कल्पना सुजाताच्या हातून गेली ती गेलीच.

आपल्या लोकांना ट्रेलर बघायला नेलं तर ते काय बघतात? पाहुणे किती मावतील! प्रल्हादकाका रोज संध्याकाळी फोनवर. आठ जणांची झोपायची सोय असलेला घे रे. चार शेगड्यांचा घे, एकावर कुकर, एकावर भाजी. परत येताना आयसेलिनला थांबा, आपली देशी दुकानं आहेत, तिथून वर्षाचा किराणा भरून आणा, आमचाही आणा. उन्हाळ्यात सगळं मंडळच काढू ट्रिपला! सुजाता पलीकडे बसून एकतर्फी फोन ऐकायची आणि दात आवळायची.

‘अहो, दाराचं विचारलंत का?’

‘दाराचं काय? दार असतंच की ट्रेलरला.’

‘पायऱ्या किती असतील? उतार लावता येईल?’

‘अगं, स्कूटरी पिकअपमध्ये राहतील, वरून ताडपत्री टाकू. मुक्कामाला पोचलो की उतरवू, दाराशी उभ्या करू. घरी करतो तसंच.’

‘घरी करतो तसंच,’ सुजाता म्हणाली. ‘मग मी कशाला येऊ? इथंच सोफ्यावर ठेवा मला आणि जा तुम्ही.’

हे जेवताना चाललं होतं. गिरजाबाई टेबलाच्या टोकाला भाकरी मोडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘काऊन त्याच्यावर ओरडून राह्यली? दिवसभर राबून येते तो. अन् चाकं काही घरात यायची नाही, ते घर चाकांचं असो का विटांचं. झोपायच्या जागी रस्त्याचा चिखल मले चालत नाही.’

आणि सुजाताच्या तोंडून ते निघालं. दोन वर्षं गिळलेलं.

‘आई, तुम्हीच सांगता ना, लहानपणी पाटलाच्या दाराबाहेर तुम्हाला उन्हात उभं ठेवायचे? पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे? पाय चुकून ओट्याला लागला तर ओटा धुऊन काढायचे? तेव्हा तुमच्या पायाचा विटाळ होता. आता माझ्या चाकाचा आहे. ही चाकं माझे पाय आहेत, आई. पाय दाराबाहेर ठेवून मी घरात येते. रोज.’

गिरजाबाईंचा हात ताटात थांबला. राजाराम ओरडला, ‘सुजाता! आईला काय बोलतेस! माफी माग आधी.’

‘नाही मागत.’

‘राजाराम,’ गिरजाबाई म्हणाल्या, आवाज अगदी साधा, ‘तिले सांग, आजपासून माझ्याशी बोलू नको म्हणा.’ मग हात वर केले. राजारामनं त्यांना उचलून खोलीत नेलं. सुजाता टेबलाशीच राहिली. तिला खरं तर उठून निघून जायचं होतं. पण निघून जाणार कशी? स्कूटर गॅरेजात. भांडण करून नवऱ्याचीच वाट बघत बसायची, तो येईल आणि उचलून नेईल म्हणून. काय ही शिक्षा!

त्यानंतर घरात अबोला. मीठ हवं असलं तरी गिरजाबाई राजारामकरवी मागायच्या.

शनिवारी सगळे ट्रेलर बघायला गेले. हायवेच्या कडेला मोठं मोकळं मैदान, खाली खडी, रांगेनं ट्रेलर उभे, आणि टोकाला ऑफिसची लाकडी खोली. एप्रिलचं ऊन पण टेक्सासचं ऊन. राजारामनं फळ्या लावून दोन्ही स्कूटरी उतरवल्या. प्रल्हादकाका आपल्या गाडीनं आधीच हजर. उंच टाचांचे बूट घातलेला विक्रेता आला, पुरुषांशी हात मिळवला आणि बायकांच्या डोक्यावरून बोलायला लागला.

काकांनी आधीच हेरून ठेवलेला ट्रेलर म्हणजे चालतं-फिरतं लग्नाचं कार्यालय. लांबलचक, चकचकीत. दाराला लोखंडी जाळीच्या उभ्या पायऱ्या, आणि दार असं की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागेल. काका आत गेले आणि प्रत्येक पलंगावर आडवे होऊन बघितलं. आतून आवाज येत होता, ‘अरे वा! हा तर डबल आहे! राजाराम, कुकर मावतो रे ओट्याखाली!’

सुजाता खाली, स्कूटरवर. ‘मी आत येऊन बघू शकत नाही,’ ती मोठ्यानं म्हणाली. ‘कुणाच्या लक्षात आलंय का?’

‘आलोच, उचलतो तुला,’ राजाराम दारातून म्हणाला.

‘हात लावू नका मला. चार लोकांत सांगते, हात लावू नका.’

राजारामचा चेहरा पडला. मग त्यानं, जणू कुणाला तरी उचललंच पाहिजे म्हणून, आईला उचललं. गिरजाबाईंना आत नेऊन टेबलाच्या कोपऱ्यातल्या गादीवर बसवलं. ‘बाप्पा! शेगड्या तर चांगल्या हाय,’ असं त्या म्हणालेलं सुजातानं ऐकलं. मग पुरुष खाली उतरले. ‘आई, बस निवांत, आम्ही कागदपत्रांचं बोलून येतो,’ राजाराम म्हणाला, आणि तिघं ऑफिसकडे गेले. सुजाताकडे बघायलाही कुणाला धीर झाला नाही.

मग सुजातानं स्कूटर वळवली आणि रांगेच्या कडेनं निघाली. रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या पाण्याचाही तिला राग येत होता. खडीत चाकं रुतत होती. रांगेच्या शेवटी, कुंपणाशी, एक जुना ट्रेलर उभा होता. धुवायला काढला असावा, पाण्याचा पाइप तसाच पडला होता. त्याची मागची अख्खी भिंतच खाली पडली होती. पडली नव्हती, उघडली होती. कड्यांवर खाली येऊन जमिनीला टेकलेला रुंद, उंच पट्ट्यापट्ट्यांच्या रबराचा उतार झाला होता तिचा.

घोड्यांचा ट्रेलर होता तो. मागच्या अर्ध्या भागात दोन घोडे उभे करायचे, पुढच्या अर्ध्या भागात माणसांनी राहायचं. सुजाता मान लांब करून बघत राहिली. पुढं बुटका पलंग. शेगडी. बाथरूमला दाराऐवजी जाड पडदा. मधे एक आडवी दांडी, ती उचलली की सलग मोकळी जमीन, रबराची. उंबरा नाही. कुठंच नाही. घोड्याला कुणी उंबरा ठेवत नाही, तो बिथरतो. आणि दोन घोड्यांचं वजन चाकांवर पेलणाऱ्या गाडीला दोन स्कूटरी म्हणजे माशा. गवताचा आणि लिदीचा वास येत होता. येईना का!

तिनं खटका दाबला. पुढचं चाक उतारावर चढलं.

‘सुजाता!’

हाक त्या लांबच्या ट्रेलरमधून आली. इतक्या दिवसांनी त्या तोंडून तिचं नाव.

‘सुजाता! ओ सुजाता!’

सुजातानं एकदा वर, त्या उताराकडे बघितलं. मग चाक मागं घेतलं.

लोखंडी पायऱ्यांशी आली तर जाळीच्या दारामागं गिरजाबाईंचा चेहरा. कोपऱ्यातल्या गादीवरून पुढं झुकलेल्या, दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलेलं.

‘राजाराम कुठं हाय?’

‘ऑफिसात.’

‘त्याले बोलाव. मले… मले बाथरूमले जायचं हाय. लय वेळचं दाबून ठेवलं. हाका मारून राह्यली मी, कोणी आयकेना.’ मग बारीक आवाजात, ‘तूच ये ना आत. मले धर.’

‘कशी येऊ, आई?’

गिरजाबाईंनी पायऱ्यांकडे बघितलं. मग खाली उभ्या असलेल्या आपल्या फटफटीकडे. बाथरूम आतच होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर. दारावर छोटी सोनेरी मूठ होती.

आता कळलं? हे सुजाताच्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोला. अगदी टोकावर आलं होतं. पण तिनं म्हातारीचा चेहरा बघितला. तो चेहरा ती ओळखत होती. शैलाकाकूंच्या सोफ्यावर बसून घड्याळ बघताना तिचा स्वतःचा असाच होत असणार. ती रागीट होती, दुष्ट नव्हती. तिनं स्कूटर वळवली आणि ऑफिसकडे पळवली.

पळवली कसली! खडीत चाक फिरे आणि गाडी जागच्या जागी. उतरून ढकलायचीही सोय नाही. कशीबशी पोचली तर ऑफिसला पायऱ्या. अर्थात! तिनं हॉर्न दाबला. स्कूटरचा हॉर्न तो, पीं करून गप्प. खिडकीतला एसी ट्रकसारखा घरघरत होता. काचेतून तिघं दिसत होते, हातात कॉफीचे पेले, आणि प्रल्हादकाका हात हलवून कसली तरी गोष्ट सांगत होते.

‘अहो! राजाराम!’ नवऱ्याला तिनं नावानं हाक मारली, आयुष्यात पहिल्यांदा. कुणी वळलं नाही.

सुजाता वाकली, पायातला बूट काढला आणि काचेवर फेकून मारला.

तिघांनी वळून बघितलं. प्रल्हादकाकांनी तिला हात केला. ‘हॅलो’चा! आणि राजारामनं हसून एक बोट वर केलं. आलोच, एक मिनिट.

एक मिनिट! सुजातानं दुसरा बूट काढला आणि सगळं आयुष्य हातात घेऊन मारला. लहानपणापासून स्वतःला ओढत आलेले हात होते ते, राजारामच्या दंडांना भारी पडतील असे. काच तडकली.

आता मात्र तिघं धावत बाहेर आले. ‘अगं, वेड लागलं का तुला! काच फोडलीस!’

‘आई,’ सुजाता म्हणाली. ‘आई आत एकटी आहे.’

राजाराम पळाला. पण उशीर झाला होता. गिरजाबाई गादीवर नव्हत्या. खाली उतरून, जमिनीवरून स्वतःला ओढत बाथरूमकडे निघाल्या होत्या आणि निम्म्या वाटेत थांबल्या होत्या. लुगडं ओलं झालं होतं, खाली जमिनीवर ओल पसरली होती. विक्रेता दाराशी आला, आत बघितलं आणि ‘ओह’ म्हणून मागं सरला. प्रल्हादकाकांनी दुसरीकडे मान वळवली.

‘आई गं,’ राजाराम म्हणाला. तो वाकला, एक हात पाठीखाली घालायला.

‘हात लावू नको.’

‘अगं, पण—’

‘हात लावू नको म्हणते ना! मले इथं आणून ठेवलं अन् गेला. सामान ठेवते का रे असं? हो बाजूले.’

आणि त्या बसल्या बसल्या दाराकडे सरकल्या. कठडा धरून एक पायरी खाली बसल्या. मग दुसरी. ओलं लुगडं लोखंडाला घासत होतं, धाप लागली होती, पदर डोक्यावरून पडला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता. राजाराम दोन्ही हात पुढं करून उभा होता, त्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. सुजातानं गिरजाबाईंची स्कूटर ओढून पायरीशी लावून धरली. म्हातारीनं हँडल पकडलं, एका पायावर उठल्या, डगमगल्या, आणि धपकन सीटवर बसल्या. सुजातानं आपल्या स्कूटरच्या टोपलीतली शाल काढून त्यांच्या मांडीवर टाकली.

गिरजाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. डोळे पुसले नाहीत. ‘मघा तू कुठं जाऊन राह्यली होती?’ त्यांनी विचारलं. थेट सुजाताला, मधे राजाराम न घालता.

‘तिकडे, टोकाला. घोड्यांचा ट्रेलर आहे. त्याला उतार आहे.’

‘आत जाते का फटफटी?’

‘जाते.’

‘वळते का?’

‘मला वाटतं, वळेल. बघायचं राहिलं.’

‘चाल.’

दोघी निघाल्या, खडीतून कुरकुर चाकं वाजवत, आणि मागून तिघं पुरुष. प्रल्हादकाकांना राहवेना. ‘अहो गिरजाबाई, घोड्यांचा ट्रेलर काय! पदवीदानाला जायचंय, चार लोक येतील भेटायला, काय म्हणतील? आणि वास मारतो हो तो!’

‘माझाबी येऊन राह्यला वास,’ गिरजाबाई म्हणाल्या. ‘तुम्ही दूर चाला.’

काका दूर चालायला लागले.

उताराशी येऊन गिरजाबाईंनी ब्रेक लावला. वर बघितलं. बिनउंबऱ्याच्या त्या रुंद दाराकडे. सवयीनं त्यांचे हात वर जायला लागले, राजाराम सवयीनं पुढं झाला, आणि हात मधेच थांबले, खाली आले, हँडलवर बसले.

‘तू आधी,’ त्या सुजाताला म्हणाल्या.

सुजातानं खटका दाबला. चाक रबराच्या पट्ट्यांवरून टकटक चढलं, गाडी क्षणभर कण्हली, आणि मग सपाट झाली. ती आत होती. चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ती एका घरात आली होती आणि कुणी आणलं नव्हतं. मधली दांडी उचलून ती पलंगापर्यंत गेली, शेगडीला हात लावला, बाथरूमचा पडदा सारून बघितला, जागेवर वळली. वळता आलं. हँडल कुठं अडलं नाही. तिला हसू यायला हवं होतं. पण छातीत नुसता राग दाटून आला होता, इतकं सोपं होतं म्हणून. एक उतार! फक्त एक उतार, आणि इतकी वर्षं गेली!

गिरजाबाई मागून चढल्या. आत येऊन भिंतींकडे बघितलं. ‘बाबासाहेबांचा फोटो इथं लावू,’ पलंगाच्या वरची भिंत दाखवत म्हणाल्या. ‘उतारावरून येतायेताच दिसन.’ मग पडद्याकडे वळल्या. ‘अन् आधी मले हे ओलं बदलू दे. तुझी शाल खराब झाली.’

‘होऊ द्या, आई.’

उतारावर बुटांचा आवाज आला. प्रल्हादकाका, विक्रेता आणि राजाराम वर येत होते. गिरजाबाईंनी फटफटी गर्रकन वळवून दारात आडवी लावली.

‘बूट,’ त्या म्हणाल्या.

‘काय, आई?’

‘बूट काढा. रस्त्यावरचे बूट घेऊन घरात येता? बाहेर ठेवा.’

राजारामनं विक्रेत्याला इंग्रजीत सांगितलं. तो बिचारा उतारावर बसून ते लांब बूट ओढायला लागला. प्रल्हादकाकांना बसवेना, ते तिरक्या फळीवर एका पायावर उभे राहून नाडी सोडत होते, आणि तोल जायला लागला. ‘अरे, धरा रे मला कुणीतरी! राजाराम, हात दे!’

‘काका,’ सुजाता आतून म्हणाली, ‘उचलून आणायला सांगू का तुम्हाला? सगळे टाळ्या वाजवतील.’

काका गपचूप खाली बसले आणि बूट काढायला लागले.

राजारामनं आपले बूट काढून उताराच्या कडेला नीट जोडून ठेवले. मोज्यांनिशी दाराशी आला. एरवी तो सरळ आत शिरला असता, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. आज तो आईच्या आडव्या स्कूटरपाशी थांबला. बायकोकडे बघितलं. तिच्या पायांत बूट नव्हते, ते तिकडे ऑफिसच्या खिडकीखाली पडले होते.

‘येऊ का आत?’ त्यानं विचारलं.

सुजाताचा हात खटक्यावर गेला. तिला वळायचं होतं, पुन्हा एकदा, सावकाश, पूर्ण गोल.

‘थांबा तिथंच,’ ती म्हणाली. ‘मी सांगते तेव्हा या.’

तो थांबला.